टॉमस रो नेमका कुठे उतरला? बुऱ्हाणपूरच्या अकबरी सरायची कागदोपत्री तपासणी

बुऱ्हाणपूरच्या अंडा बाजारात अकबरी सराय आहे. तिच्याविषयी छापील आणि तोंडी, हिंदी आणि मराठी, सगळीकडे जवळजवळ एकच मजकूर फिरतो. अब्दुल रहीम खानखानाने ती बांधली. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा वकील सर टॉमस रो १६१५ साली हिच्यात उतरला. आणि त्या वेळी खुद्द बादशहा जहांगीर शाहजादा परवेझसह इथल्या किल्ल्यात होता. विधाने तीन. पहिले बरेचसे खरे, दुसरे संशयास्पद, तिसरे सरळ खोटे.

हे तपासायला निमित्त आहे. पडीक वाड्या-गढ्यांचा जीर्णोद्धार करून तिथे लग्ने, संमेलने, मैफली भरवायच्या कल्पनेला सध्या बरे दिवस आले आहेत. सराई म्हणजे तर मुळातच परक्या माणसांना उतरवून घ्यायची जागा, त्यामुळे ती या कामाला सगळ्यांत सोयीची वाटते. पण अशा जागेचे निम्मे मोल तिच्या गोष्टीत असते, आणि एकदा गोष्ट फलकावर कोरली गेली की ती पुसत नाही. चुना कालवण्याआधी कागद चाळलेले बरे.

जळगावच्या पिंप्राळ्याहून भुसावळ, सावदा, रावेर करत बुऱ्हाणपूर शंभरेक किलोमीटर. आज मध्ये राज्याची हद्द आडवी येते, म्हणून आपण ते परके धरतो. पण खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी आधी थाळनेर आणि मग बुऱ्हाणपूर होती. अकबराने १६०१ च्या जानेवारीत असीरगड घेतला तेव्हा खानदेश मोगलांचा सुभा झाला आणि सुभ्याचे ठाणे बुऱ्हाणपूरलाच राहिले. १७६० च्या उदगीरच्या तहात ते मराठ्यांकडे आले, पुढे शिंद्यांकडून इंग्रजांकडे गेले आणि निमाड जिल्ह्यात घातले गेले. २००३ साली त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. तेव्हा या सरायची कहाणी सांगणे म्हणजे खानदेशाचीच कहाणी सांगणे.

साक्षीदारांत पहिला रो स्वतः. त्याच्या रोजनिशीचे हस्तलिखित लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. काही भाग प्रवासवृत्तांचा इंग्रज संकलक पर्चास याने १६२५ साली छापला आणि विल्यम फॉस्टरने हाक्लूत सोसायटीसाठी १८९९ साली दोन खंडांत तिची साक्षेपी आवृत्ती काढली. रोजनिशी त्या-त्या दिवसाच्या आसपास लिहिलेली, लिहिणारा चिडका आणि मानापमानाविषयी कमालीचा हळवा. चिडका साक्षीदार इतिहासाला फार उपयोगी पडतो. खूश माणूस खोलीचे वर्णन करत नाही.

३० ऑक्टोबर १६१५ ला रो सुरतेहून निघाला. वाट आपल्या ओळखीची आहे: नंदुरबार, निमगूळ, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा आणि मग तापीच्या उत्तर अंगाने पुढे. पाच वर्षांपूर्वी इंग्रज व्यापारी विल्यम फिंच याच वाटेने गेला होता. त्याने अडावद, यावल, रावेर ही गावेही टिपली आहेत, नावांची मोडतोड करून, पण ओळखू येतील अशी. या मुलखाने रोला दोन गोष्टी दाखवल्या. एकीकडे धान्य लादलेल्या बैलांचा तांडा, एका दिवसात दहा हजार बैल. हे लमाण-वंजाऱ्यांचे तांडे असणार. दुसरीकडे गावे सगळी मातीची, वाटसरूला पाठ टेकायला धड घर नाही. म्हणून तो वाटभर स्वतःच्या तंबूत झोपत आला. ही तंबूची गोष्ट लक्षात ठेवायची, ती पुढे लागणार आहे.

१४ नोव्हेंबरला तो बुऱ्हाणपूरला पोचला. (इंग्रजांचे पंचांग तेव्हा दहा दिवस मागे होते, आजच्या हिशेबाने ती २४ नोव्हेंबर.) शहराचा कोतवाल निशाणे मिरवत सामोरा आला आणि वकिलाला त्याच्यासाठी नेमलेल्या सराईपर्यंत घेऊन गेला. सराईचे तोंड देखणे, दगडी. रो आत गेला आणि त्याचा पारा चढला. वाट्याला आलेल्या चार खोल्या भिंतीच्या अंगात विटांनी केलेल्या, वरून गोल, आणि आकाराने भट्टीएवढ्या. त्याने तक्रार केली, शहर सोडून जायची धमकी दिली. उत्तर आले की याहून बरी जागा गावात नाही. चार दिवसांत त्यालाही ते पटले, कारण शाहजाद्याचा वाडा, खानखानाचा वाडा आणि आणखी थोडी घरे सोडली तर सगळे शहर मातीचे होते. मग त्याने आपले तंबू ठोकले आणि त्यांचाच आसरा घेतला.

म्हणजे मूळ कागदाप्रमाणे वकीलसाहेबांना उतरायला सराई दिली होती, पण तिथल्या खोल्या त्यांनी नाकारल्या. ‘रो इथे राहिला’ या वाक्याचा पाया इतकाच आहे, तोही ‘इथे’ म्हणजे कुठे हे ठरल्यानंतर.

आता दुसरा साक्षीदार, दगडावरचा. अकबरी सरायच्या फारसी लेखात काळ जहांगिराच्या राजवटीचा, देखरेख लश्करखानाची आणि सन १०२७ हिजरी असे दिले आहे. हे हिजरी वर्ष आजच्या पंचांगाने १६१७ च्या २९ डिसेंबरला सुरू झाले आणि १६१८ च्या डिसेंबरात संपले. रो आला तेव्हा १०२४ हिजरी चालू होते. मधे तीन वर्षे जातात.

या तीन वर्षांची वासलात तीन प्रकारे लावता येते. एक, लेख पूर्ततेचा असून काम आधीपासून चालू होते आणि रो अर्धवट बांधलेल्या सराईत उतरला. हे अशक्य नाही. मोगल लेखांतले सन बहुधा काम तडीस गेल्याचे असतात. पण रोच्या तक्रारींच्या लांबलचक यादीत परांची, विटांचे ढीग, गवंडी यांपैकी काहीच नाही. ज्याने कमानीचा आकारसुद्धा सोडला नाही, त्याने डोक्यावर चाललेले बांधकाम सोडले असते असे मला वाटत नाही. दोन, याच जागी आधीची एखादी सराई होती आणि लश्करखानाने ती नव्याने बांधली. तीन, रो दुसऱ्याच सराईत होता. बुऱ्हाणपूर ही दख्खनच्या मोहिमांची छावणी आणि सुरत-आग्रा वाटेवरची मोठी पेठ. अशा शहरात एकच सराई असणे हेच नवल ठरले असते. दगडी दर्शनी भाग आणि भिंतीच्या अंगातल्या विटांच्या गोल खोल्या हे वर्णन अकबरी सरायला चपखल बसते खरे, पण ते त्या काळच्या कुठल्याही पक्क्या सराईला तितकेच बसते. सारखेपणावरून ओळख पटत नाही.  

माझा कल तिसऱ्या पर्यायाकडे आहे. दुसरा मी पूर्ण सोडत नाही.

लश्करखान हे नाव मराठी वाचकाला अगदीच अनोळखी नसावे. १६२४ साली अहमदनगरजवळ भातवडीला मलिक अंबरने मोगल-आदिलशाही फौजेचा धुव्वा उडवला. शहाजीराजांचे भाऊ शरीफजी त्या लढाईत पडले आणि कैद झालेल्या मोगल सरदारांत एक लश्करखान होता. नाव, मुलूख आणि काळ पाहता तो हाच असावा. सराय बांधून झाल्यावर सहा वर्षांत तिच्या कामावर देखरेख करणारा अंबरच्या कैदेत गेला, अशी ही नोंद. बुऱ्हाणपूरच्या पर्यटन-मजकुरात तिला जागा नाही. रोच्या चार खोल्यांपेक्षा मला ती जास्त मोलाची वाटते, कारण तिचे धागे थेट इथल्या मातीत गुंतलेले आहेत.

जहांगिराविषयीचे विधान मोडायला तर श्रमच नकोत. १६१३ च्या नोव्हेंबरपासून पुढची तीन वर्षे बादशहाचा मुक्काम अजमेरला होता. त्याच्या स्वतःच्या ‘तुझुक’ या आत्मवृत्तात हे नोंदलेले आहे, आणि रो १६१६ च्या जानेवारीत त्याला पहिल्यांदा भेटला तो अजमेरच्याच दरबारात. बुऱ्हाणपुरात होता तो फक्त परवेझ. रोने त्याच्या दरबारात साष्टांग घालायला नकार दिला, बसायला खुर्ची मागितली, ती मिळाली नाही, तेव्हा छत्राच्या चांदीने मढवलेल्या खांबाला टेकून उभे राहण्याची परवानगी मिळवली. व्यापारी कोठीचे फर्मान त्याने पदरात पाडून घेतले. नजराण्यात मद्याच्या बाटल्यांची एक पेटी होती. शाहजाद्याने ती लगेच जवळ केली आणि ठरलेली खासगी भेट राहूनच गेली. नाव शाहजाद्याचे आणि कारभार खानखानाचा, असा रोचा अभिप्राय आहे. त्यानंतर तो तापाने आडवा झाला. बुऱ्हाणपूरचे पाणी रोगट असल्याचे फिंचने आधीच लिहून ठेवले होते.

इथवर झाली खोलीची चौकशी. पण सराईचा जीर्णोद्धार करायचा तर त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की ती चालत कशी होती. यासाठी रो कुचकामी आहे. इथे निकोलाव मनुची कामाला येतो. १६५६ साली, अजून विशीही न ओलांडलेला हा व्हेनिसचा मुलगा लॉर्ड बेलोमाँटच्या चाकरीत सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे दिल्लीकडे निघाला होता. वाटेतल्या सरायांचे त्याने केलेले वर्णन इतके बारकाईचे आहे की त्यावरून व्यवस्थापनाची नियमावली लिहावी. सराई तटबंद, किल्ल्यासारखी. आठशे ते हजार माणसे घोडे, उंट, गाड्यांसह मावतील अशी. संध्याकाळी दरवाजे बंद. पहाटे उघडण्याआधी पहारेकरी तीनदा ओरडून सांगणार की आपापले सामान तपासा. कुणाचे काही गेले असेल तर ते सापडेपर्यंत दरवाजा उघडायचा नाही, आणि चोर सापडला की सराईसमोरच त्याला फाशी. अशाने चोरी होण्याची भीती फारशी उरत नसे.

त्याच प्रवासात बेलोमाँट दिल्लीच्या अलीकडे होडलजवळ वारला, आणि सराईत ठेवलेले त्याचे सामान सरकारी माणसांनी येऊन मोहोरबंद केले. म्हणजे सराई ही निव्वळ परोपकाराची जागा नव्हती. परक्या माणसावर आणि त्याच्या मालावर नजर ठेवायची ती सरकारी सोय होती. रोला कोतवालाने तिथे नेले ते याच कारणाने. पाहुणचार आणि पाळत एकाच दरवाजातून आत येत.

फ्रेंच रत्नव्यापारी ताव्हेर्निए दुसरी बाजू दाखवतो. त्याने पाहिलेल्या साध्या सराया म्हणजे भिंतीच्या किंवा कुंपणाच्या आत पन्नास-साठ गवताने शाकारलेल्या झोपड्या. तिथली बायामाणसे पीठ, तांदूळ, लोणी, भाजी विकत आणि भाकरी-भात रांधून देत. हे भटियारे. सराईचे खरे चालक तेच, आणि एकाही शिलालेखात त्यांचे नाव नाही. बुऱ्हाणपूरही ताव्हेर्निएने पाहिले: पडझड झालेले, घरे बहुतेक शाकारलेली, पण तिथले तलम कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो, पोलंड, मॉस्कोपर्यंत जात होते. सरायच्या चौकात उंटांवर लादले जाणारे गठ्ठे असे दूरचे होते.

आणि पीटर मंडी. १६३० च्या नोव्हेंबरात सुरतेहून निघालेल्या या इंग्रजाने खानदेशातला दुष्काळ पाहिला. नंदुरबारला प्रेतांमुळे तंबू ठोकायला जागा सापडेना. बुऱ्हाणपुरात पोचल्यावर मात्र बाजार धान्याने भरलेला, कारण शाहजहानचे लष्कर तिथे तळ देऊन होते आणि सगळा माल तिकडे ओढला जात होता. पुढच्या जूनमध्ये मुमताजमहल याच शहरात वारली आणि मोगल इतिहासात १६३१ चे बुऱ्हाणपूर तेवढ्यासाठी लक्षात राहिले. नंदुरबारच्या रस्त्यावर पडलेल्यांसाठी आपल्याकडे मंडीची रोजनिशी आहे.

सरायला उतरती कळा लागली ती एका दिवसात नाही. दख्खनच्या सुभ्याचे केंद्र औरंगाबादकडे सरकले, सुरतेचा व्यापार मुंबईकडे गेला, आणि १८६० च्या दशकात लोहमार्ग आला. बुऱ्हाणपूरचे स्टेशन लालबागला, जुन्या तटाबाहेर. १८७० मध्ये जबलपूरकडून मुंबई-कलकत्ता रेल्वे जोडली गेली तेव्हा पायवाटेने येणारा, उंट बांधायला जागा मागणारा पाहुणाच संपला. नव्या वाटसरूला स्टेशनजवळची धर्मशाळा हवी होती. भुसावळ मोठे झाले, चोपडा-यावलची जुनी वाट आडबाजूला पडली.

आता जीर्णोद्धाराचे. मोगल बांधणीची वीट पातळ, जोडणी चुन्याची. चुना श्वास घेतो. भिंतीत मुरलेले पाणी त्यातून बाहेर पडते. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की पाणी आत कोंडते, क्षार विटेतून फुलतात आणि वीट भुकटी होते. कित्येक वास्तू दुर्लक्षापेक्षा अशा दुरुस्तीनेच लवकर गेल्या. गोल छत एकमेकांना रेटणाऱ्या विटांच्या दाबावर उभे असते. रोने भट्टी म्हणून हिणवलेला तो आकारच चारशे वर्षे टिकायला कारण झाला. वातानुकूलनाच्या नळीसाठी त्याला भोक पाडायचे, किंवा शेजारच्या चौकात डीजेच्या भिंती उभारून त्याला रात्रभर हादरे द्यायचे, हे गवंड्याच्या भाषेत सांगायचे तर चावी-दगड सैल करणे आहे.

नीट काम कसे करतात याचे उदाहरण सरायच्या निर्मात्यापाशीच सापडते. दिल्लीत निजामुद्दीनजवळ खानखानाने बायकोसाठी बांधलेला मकबरा आहे. पुढे तो स्वतःही तिथेच पुरला गेला. त्याचे संगमरवर आणि दगड अठराव्या शतकात सफदरजंगाच्या मकबऱ्यासाठी उचकटून नेले होते. आगाखान ट्रस्टने इंटरग्लोब फाउंडेशनच्या मदतीने सहाएक वर्षे काम करून २०२० च्या अखेरीस तो लोकांसाठी खुला केला. तिथे कारागिरांनी चुन्याचेच काम केले, आणि इमारतीबरोबर रहीमच्या दोह्यांवर, त्याच्या काळावरही अभ्यास केला. पैसा आणि वेळ यांतला वेळ आपल्याकडे कुणी अंदाजपत्रकात धरत नाही.

कायद्यात तर एक गंमतच आहे. केंद्राच्या संरक्षित स्मारकांसाठी १९५९ चे नियम आहेत. त्यांत लेखी परवानगीवाचून सभा, मेजवानी, करमणुकीचे कार्यक्रम भरवायला बंदी आहे. शिवाय ठरवून दिलेल्या जागेबाहेर स्वयंपाक करणे, माल विकणे, जनावर आणणे, गाडी आत घालणे हेही मना आहे. सराई बांधली होती ती नेमक्या याच गोष्टींसाठी. तिला तिच्या मूळ कामावर परत आणायचे म्हटले तर पहिला अडथळा नियमांचा येतो, आणि तो येतो हे ठीकच आहे. २०१९ च्या सप्टेंबरात महाराष्ट्र सरकारने पंचवीस किल्ले पर्यटनासाठी भाडेपट्ट्याने द्यायचे ठरवल्याची बातमी आली तेव्हा ‘किल्ल्यांवर लग्ने’ या दोन शब्दांनी राज्यभर गदारोळ झाला. तेव्हाचे पर्यटनमंत्री दोंडाईच्याचे जयकुमार रावल. संरक्षित किल्ल्यांचा यात समावेश नाही असा खुलासा त्यांना करावा लागला. त्या चर्चेत किल्ला आणि सराई असा भेद कुणी केला नाही. माझ्या मते तो केला पाहिजे. जिथे माणसे लढून मेली तिथे वरात नको, हे मन समजू शकते. पण जिथे वऱ्हाडासारखे हजार लोक रोज रात्री उतरत, चुली पेटवत, भांडत, गात, तिथे माणसांची वर्दळ ही विटंबना ठरत नाही.

प्रश्न वर्दळ कशी ठेवायची हा आहे, आणि इथे मनुची पुन्हा कामाला येतो. त्याच्या सराईची सगळी सुरक्षितता बंद दरवाजावर उभी आहे: शिरायची वाट मोजकी, निघायची वाट तीच. चोर पकडायला हे उत्तम. आग लागली किंवा मांडव पेटला तर हीच रचना हजार माणसांचा कोंडवाडा होते. दुसरी वाट काढायची तर तट फोडावा लागतो, आणि तट फोडला तर सराई राहत नाही. म्हणून अशा जागी येणाऱ्यांची संख्या आठशे-हजार धरून चालणार नाही. एका दरवाजातून काही मिनिटांत बाहेर पडतील तेवढीच माणसे आत घ्यायची. रांधणे तटाबाहेर, स्वच्छतागृहे तटाबाहेर, कारण चौकात खणलेला प्रत्येक खड्डा शेकडो वर्षांच्या मुक्कामांचे थर उपसून टाकतो: चुलींची राख, नाल, मडक्यांची खापरे, भटियाऱ्यांचा तेवढाच काय तो मागे उरलेला पुरावा. खणायचेच असेल तर आधी पुरातत्त्वज्ञाने, कुंचला आणि नोंदवही घेऊन. मांडववाल्याच्या पहारीचा नंबर त्यानंतर.